ज्याचा रंग त्याच्या दोरात

माझ्या भाऊजींना भांडायला समोर माणूस लागतो. हवेशी, सरकारशी, नशिबाशी भांडणारे लोक त्यांना अगदीच रिकामटेकडे वाटतात. उत्तर न देणाऱ्याशी भांडून हाती काय लागतं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्यांचा प्रवाळाचा खडक खराब व्हायला लागला तेव्हा त्यांनी पहिलं काम केलं ते दोषी शोधण्याचं. खडकाकडे नीट बघायचं राहून गेलं, पण दोषी मात्र संध्याकाळपर्यंत सापडला होता. पंचाईत एवढीच, की तो त्यांचा व्याही निघाला.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. त्यांच्या बोटीच्या तळाला काच आहे, म्हणून सगळे त्यांना काचवाले म्हणतात. लोक बाकांवर बसतात, माना खाली घालतात आणि काचेतून प्रवाळ बघतात. धक्क्यावरच्या तिकिटाच्या खिडकीत मी असतो. भाची मला मामा म्हणायची, मग तिच्या सासरचे म्हणायला लागले, आता अख्खा धक्का म्हणतो. खिडकीतून माणसाचा फक्त चेहरा आणि हात दिसतात, पण तेवढं पुरतं. ‘बोट हलते का हो?’ असं विचारणारा बायकोसाठी विचारतोय असं दाखवतो आणि आधी स्वतः कठडा धरतो. ‘नक्की दिसणार ना?’ विचारणाऱ्याने न आवडण्याची तयारी घरूनच करून आणलेली असते. परत येताना मात्र सगळे एकसारखे हसत यायचे. काचेखाली जांभळं, पिवळं, शेंदरी असं काहीतरी आपल्याच नादात वाढत असलेलं बघितलं, की माणूस थोडा वेळ स्वतःचं मोठेपण विसरतो. हे मी भाऊजींच्या जमेला धरतो, कारण दुसरं कुणी धरत नाही.

या हंगामात लोक उतरताना हसेनात. एक बाई तर खिडकीशी येऊन हळूच म्हणाल्या, “मामा, तुमची काच धुवायला झालीय.”

काच स्वच्छ होती. खालीच सगळं खाकी झालं होतं. प्रवाळावर शेवाळाचा बुळबुळीत थर बसला होता, आणि जिथे तो नव्हता तिथे फांद्या चुन्यासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या.

त्यावर बंदर कार्यालयाची नोटीस आली. प्रवाळ मरतोय, त्याला बोटींचे नांगर आणि पर्यटकांच्या अंगाची क्रीमं कारणीभूत दिसतात, तरी खडकाभोवती बांधलेल्या दोराच्या आत बोट नेणं का बंद करू नये, याचा खुलासा हंगाम संपायच्या आत करावा. बोट बंद म्हणजे भाऊजी बंद. काचेच्या तळाच्या बोटीतून ना मासळी नेता येते ना रेती, आणि तसली बोट विकत घेणारा दुसरा शहाणा या किनाऱ्यावर नाही. म्हणजे घाण दुसरीकडून येते हे सिद्ध करायचं, नाहीतर घरी बसून ताईच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची. ताईने सांगून टाकलं होतं, की दुसरा पर्याय तिला चालणार नाही.

व्याह्यांची लाँड्री खाडीच्या काठी आहे. सगळ्या हॉटेलांच्या चादरी, उशांचे अभ्रे, पंचे तिथे धुतले जातात. गेल्या वर्षी भाची त्यांच्या घरात सून म्हणून गेली. व्याही शांत माणूस. हात कायम ओलसर आणि इतके स्वच्छ, की हस्तांदोलन केलं की आपलेच हात मळके वाटावेत. बोलायला सुरुवात करतात ती ‘तसं बघितलं तर’ने, आणि बऱ्याचदा तिथेच थांबतात.

“दुपारी बघ,” भाऊजी मला म्हणाले. “खाडीतून फेसाचा पट्टा निघतो तो सरळ आपल्या खडकाकडे. डोळ्यांनी दिसतं. आणि नोटीस कुणाला? मला.”

दुपारी बघितलं. खरंच दिसत होतं. समुद्रावरून वारा सुटला की फेसाची पांढरी रेघ खाडीच्या तोंडातून निघायची आणि उत्तरेला खडकाच्या दिशेने सरकायची. खुद्द व्याह्यांनी बघितलं असतं तरी त्यांना स्वतःचाच संशय आला असता.

फक्त पाणीवाल्या मॅडमना येत नव्हता. या त्याच बंदर कार्यालयातल्या पाणी मोजणाऱ्या बाई. नोटीस काढणारे वेगळे आणि मोजणाऱ्या या वेगळ्या, हे भाऊजींना समजवायला मला दोन चहा लागले.

“काका, फेस वाऱ्याने जातो,” मॅडम म्हणाल्या. “पाणी पाण्याने जातं.”

“म्हणजे काय?”

“वरची साय वारा ढकलतो. खालचं दूध आपल्या वाटेने वाहतं. साबण, खत, मैला, जे विरघळतं ते त्या दुधातून जातं. शेवाळ त्यावरच पोसतं. मला दूध कुठे जातं ते बघायचंय.”

भाऊजींनी थोडा विचार केला. “पण साय तर आमच्याकडे येतेय.”

“हो.”

“मग दूधही येत असेल.”

“असेलही, नसेलही.”

शिकलेला माणूस असं बोलला की भाऊजींना फसवल्यासारखं वाटतं. पण मॅडमचा उपाय त्यांना आवडला. संशय असेल त्या प्रत्येक ठिकाणी पाण्यात तरंडे सोडायचे, खाली वजन बांधलेले, म्हणजे ते पाण्यात जवळजवळ बुडून राहतील आणि वारा त्यांना फारसा ढकलणार नाही. मग कुठले तरंडे खडकावर पोचतात ते बघायचं.

“हॉटेलच्या गटारापाशी सोडू,” मॅडम म्हणाल्या. “लाँड्रीच्या खाडीत सोडू. आणि थोडे पार दक्षिणेला दीपस्तंभाजवळ, पडताळ्यासाठी. तिथून काही यायला नको. आणि उत्तरेला टोकापलीकडे ती नदी मिळते ना, तिच्या तोंडाशी पण सोडावेत.”

“नदी कशाला? लांब आहे. दिवस जातो. डिझेल जातं.”

“तरी पण.”

“मॅडम, तिथे आपलं कोणी नाही,” भाऊजी म्हणाले.

या वाक्याचा अर्थ मॅडमना कळला नाही, मला कळला. भाऊजींचा जगाचा नकाशा नात्यांचा आहे. जिथे सोयरा नाही आणि वैरीही नाही तिथे त्यांच्या मते समुद्र पण नसतो. नदी राहिली.

तरंडे पांढरे होते. बिनरंगाची वस्तू समुद्रात सोडायची हे भाऊजींना पटेना. आमच्या किनाऱ्यावर प्रत्येक बोटीचा रंग ठरलेला आहे. जाळ्याचे तरंडे, वल्ही, डबे, दोरखंडाची टोकं, सगळं त्या रंगाचं. भाऊजींचा रंग निळा आणि त्यावर पिवळा पट्टा. त्यांनी अंगणात बसून सगळे तरंडे निळे केले, पट्टे ओढले, आणि जागा कळावी म्हणून त्यावर रेघा मारल्या. एक रेघ हॉटेल, दोन रेघा लाँड्री, तीन रेघा दीपस्तंभ. ताई म्हणाली, “लग्नात मांडवाला एवढा रंग दिला नव्हतात.” मॅडम बघून म्हणाल्या, “छान दिसतात, लांबून ओळखू येतील.” त्या सहज बोलल्या आणि पुढचा सगळा घोटाळा तिथेच पक्का झाला, पण तेव्हा ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

तरंडे सोडले. आणि यायला लागले.

रोज सकाळी भाऊजी खडकाच्या दोराशी जायचे. हा दोर म्हणजे खडकाभोवती तरंड्यांवर बांधलेलं मोठं कडं, बाहेरच्या बोटी आत घुसू नयेत म्हणून. त्या कड्याच्या आत निळे-पिवळे तरंडे शांतपणे डुलत असायचे. आधी दोन रेघांचे आले. भाऊजी धक्क्यावर उतरले ते निवडणूक जिंकल्यासारखे. दुसऱ्या दिवशी एका रेघेचे आले. तेही ठीक, हॉटेलही काही धुतल्या तांदळाचं नव्हतं. मग दोन रेघांचे आणखी आले. मग तीन रेघांचे आले.

“हे कुठले?” मी विचारलं.

“दीपस्तंभाचे,” भाऊजी म्हणाले. त्यांचा चेहरा जरा उतरला. पण त्यांनी तरंडे पिशवीत असे काही घातले की रेघा आतल्या बाजूला जातील.

त्या रविवारी व्याही, विहीणबाई, भाची आणि जावई ताईकडे जेवायला होते. जेवण झाल्यावर भाऊजींनी दोन रेघांचे तरंडे आणून टेबलावर मांडले. ओळीने.

“हे काय?” व्याह्यांनी विचारलं.

“तुमचं पाणी,” भाऊजी म्हणाले. “माझ्या खडकावर सापडलं.”

ताईने तोंड फिरवलं. भाची आधी बापाकडे आणि मग सासऱ्याकडे बघून भांडी आवरायला लागली. ती भांडी आवरलेलीच होती.

व्याह्यांनी एक तरंडा हातात घेऊन फिरवला. “तसं बघितलं तर,” ते म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, “तीन रेघांचेही आले म्हणतात.”

मी छताकडे बघितलं. ही बातमी माझ्या खिडकीतूनच फुटली होती, दुसरीकडून नाही.

“दीपस्तंभावर चादरी कोण धुतं?” व्याह्यांनी विचारलं. अगदी मऊ आवाजात.

“त्याचं मॅडम बघतील. तुम्ही दोन रेघांचं बोला.”

“दोन रेघांचं खरं आणि तीन रेघांचं खोटं, असं कसं?”

“व्याही, माझी बोट बंद होतेय.”

“आणि तुमच्या कागदावर माझं नाव लागलं तर माझी लाँड्री. तिथे तुमची लेक नांदतेय.”

विहीणबाई उठल्या. त्या रागावल्या की फार नम्र होतात. “जेवण उत्तम झालं हं,” एवढं म्हणून त्या चपला घालायला गेल्या, आणि ते वाक्य ताई अजून विसरलेली नाही.

मॅडमची अवस्था आमच्याहून वाईट होती. त्या माझ्या खिडकीच्या आत स्टुलावर बसल्या, चहा गार केला आणि समुद्राकडे बघत राहिल्या.

“मामा, तिन्ही जागांचं सगळंच पाणी एका खडकावर येऊन जमत नाही. निम्मं तरी वाटेत भरकटायला हवं. आणि दीपस्तंभाकडचं तर इतक्या लवकर पोचायलाच नको. त्या वेगाने यायला तरंड्यांना इंजिन हवं.”

“मग तुमचं पाणी मोजायचं यंत्र?”

“यंत्र दोनदा तपासलं. आता मी स्वतःलाच तपासून घ्यायच्या विचारात आहे.”

आठवडा असाच गेला. भाऊजी खुलासा लिहायला बसायचे आणि तीन रेघांपाशी अडायचे. ते लपवलं तर खोटं, लिहिलं तर वेडेपणा. भाची माहेरी फोन करायची ती गच्चीवरून, दबक्या आवाजात. ताईने एका संध्याकाळी स्पष्ट विचारलं, “तुम्हाला खडक वाचवायचाय की व्याह्यांना बुडवायचंय, ते एकदा ठरवा. दोन्ही एकदम जमणारं तुमचं वय नाही.”

भाऊजी म्हणाले, “मला फक्त कळायला हवंय.” आणि ते खरं वाटलं, कारण हे बोलताना ते कुणाकडेही बघत नव्हते.

शेवटी मॅडम म्हणाल्या, मी स्वतः बोटीतून येते. मलाही ताईने बसवलं, दोघांच्या मध्ये ठेवायला. सकाळची शांत वेळ होती. भाऊजी सुकाणू धरून उभे होते आणि तोंडाने व्याह्यांचं कीर्तन चालू होतं.

“माणूस गोड बोलतो म्हणून पाणी गोड होत नाही, मॅडम. मी म्हणतो, कबूल करा, दोघं मिळून मार्ग काढू. पण नाही. तसं बघितलं तर, तसं बघितलं तर. अहो, बघितलं तरच ना.”

बोलता बोलता त्यांनी बोट किंचित वळवली, वाकले, पाण्यातून एक लाल-पांढरा तरंडा उचलला, अंगावरचं पाणी झटकलं, थोडं पुढे गेल्यावर धक्क्यावरच्या आजोबांच्या जाळ्याच्या कड्यात तो टाकला आणि पुढचं वाक्य सुरू केलं. “लेक दिली म्हणून मी गप्प बसायचं का?”

मॅडम एकदम ताठ बसल्या. “काका, हे आत्ता तुम्ही काय केलंत?”

“काय केलं?”

“तो तरंडा.”

“तो? तो आजोबांचा. सुटला असेल.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“त्यांच्या दोरात टाकला. ज्याचा रंग त्याच्या दोरात. त्यात काय विचारायचं?”

“त्यांना सांगणार?”

“छे. सांगायचं काय त्यात? सांगितलं की उपकार झाले. आम्ही कुणी सांगत नाही आणि कुणी विचारत नाही. दिसलं, उचललं, टाकलं, झालं.”

“सगळेच असं करतात?”

“न करून कसं चालेल?” भाऊजी म्हणाले. आणि मग त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

इंजिन धडधडत होतं. मी दुसरीकडे बघत होतो, कारण अशा वेळी नात्यातल्या माणसाने चेहरा बघू नये. खडकाच्या दोराच्या आत दोन निळे-पिवळे तरंडे एकमेकांना हळूच धक्का देत डुलत होते. त्यांपैकी एकावर तीन रेघा होत्या.

“हात आहे,” भाऊजी शेवटी म्हणाले. “तो आपोआप जातो.”

आम्ही तसेच आजोबांच्या शेडवर गेलो. हे आजोबा धक्क्यावर सगळ्यांची जाळी सांधतात आणि पहाटे दूरपर्यंत आपली टाकायला जातात. भाऊजींनी विचारलं, “आजोबा, माझे तरंडे माझ्या दोरात तुम्ही टाकलेत का?”

आजोबांनी सुई थांबवली. “असं विचारतात का कुणी?”

“नाही विचारत. पण विचारतोय.”

“याच्या बापाच्या वेळी असं नव्हतं,” आजोबा माझ्याकडे बघून म्हणाले, जणू भाऊजी तिथे नव्हतेच. मग राहवेना. “मी एकटाच काय. सगळेच टाकतायत. हॉटेलपाशी तुमचे, खाडीत तुमचे, दीपस्तंभाजवळ तुमचे. लाज वाटायला लागली आम्हाला. एवढा मोठा बोटवाला आणि गाठ मारता येत नाही. म्हटलं, लेक सासरी गेल्यापासून याचं चित्त ठिकाणावर नाही, आपणच गोळा करून द्यावं.”

मॅडम भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. खांदे हलत होते. हसत होत्या की रडत होत्या ते मी विचारलं नाही. बहुतेक दोन्ही, आळीपाळीने.

म्हणजे आमच्या गावाचा शेजारधर्म आम्ही रेघा मारून मोजला होता, आणि त्याच्या जोरावर एका सोयऱ्याला गुन्हेगार ठरवलं होतं. भाऊजींच्या नावावर एवढी सद्भावना जमा आहे हे आधी कळलं असतं तर त्यांचा मूड वर्षभर चांगला राहिला असता. आता कळलं ते या अशा वेळी.

दुसऱ्या खेपेला मॅडमनी लाकडाचे काळे तुकडे आणले, आणि जागेच्या खुणेसाठी रेघांऐवजी खाचा पाडल्या. काळा रंग कुणाचाच नाही. आजोबांकरवी सगळ्यांना निरोप गेला, की हे तुकडे दिसले तर हात लावायचा नाही. माणसांचे हाल बघवत नव्हते. आजोबा मला येऊन सांगायचे, “आज एक बघितला. उपाशी पोराला रस्त्यात सोडून आल्यासारखं वाटलं.”

या वेळी नदीच्या तोंडाशीही तुकडे सोडले, चार खाचांचे. भाऊजींनी डिझेलबद्दल एक शब्दही काढला नाही. त्यांचं सगळं लक्ष दोन खाचांवर होतं, आणि ते यावेत की येऊ नयेत हे त्यांनाच ठरवता येत नव्हतं. आले तर बोट वाचते आणि लेकीचं घर अडचणीत. न आले तर व्याही सुटतात आणि नोटीस गळ्यात राहते. रोज सकाळी ते दोराशी जायचे आणि रिकामे परत यायचे. एक खाच नाही, दोन खाचा नाहीत, तीन नाहीत. काहीच नाही.

“तुकडे बुडाले असतील,” ते म्हणाले.

“लाकूड आहे ते,” मी म्हटलं.

“व्याह्यांचं काही सांगता येत नाही.”

मग एका सकाळी उत्तरेच्या बाजूने पाणी गढूळ आलं, आणि त्याबरोबर काळे तुकडे. एकामागोमाग एक येऊन दोराला नाक लावून थांबत होते. सगळ्यांवर चार खाचा. मॅडमनी बाटल्यांत पाणी भरून घेतलं. नदीकाठी वर शेतं आहेत, त्यांची खतं उतरतात, आणि एक चामडं कमावायचा कारखाना आहे, आणि एका मोठ्या गावाची सगळी गटारं. पाणी किनाऱ्याला धरून उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतं. टोकाला वळसा घालून आमच्या खडकावर येतं आणि तसंच पुढे जातं. दुपारचा वारा फेसाला उलटं ढकलतो तेवढंच. सायीने आम्हाला फसवलं होतं.

भाऊजी बोटीच्या कडेला बसून तो ओला तुकडा उलटसुलट करत होते.

“तिथे कोण आहे रे आपलं?” त्यांनी मला विचारलं.

“कुणी नाही.”

“मग मी बोलू कुणाशी?”

नदीकाठची कित्येक शेतं, शेकडो मोऱ्या, एक कारखाना. यांत एक माणूस बोट दाखवावं असा नव्हता. व्याही होते तेव्हा किती सोपं होतं.

मॅडमचा अहवाल गेला. कार्यालयाने नोटीस मागे घेतली. बोट दोराच्या आत न्यायला परवानगी, नांगर मात्र टाकायचा नाही. ताईने पत्र दोनदा वाचलं आणि भाऊजींना आधी व्याह्यांकडे पाठवलं. सोबत अर्थात मी.

भाऊजींना माफी मागता येत नाही. त्यांनी धुलाई यंत्राच्या बेअरिंगची चौकशी केली, बाहेर येणाऱ्या वाफेचं कौतुक केलं, विहीणबाईंनी दिलेला चहा दोनदा घेतला. विहीणबाई अजून नम्रच होत्या. शेवटी भाऊजी म्हणाले, “तुमचं काही नाही आमच्याकडे. तुमचा एकही तुकडा आला नाही.”

“तसं बघितलं तर,” व्याही म्हणाले, “माझा फेस कुठेतरी जातच असेल.”

“जाऊ दे जिथे जातो तिथे. आमच्याकडे येत नाही ना.”

व्याही हात पुसत राहिले. आधीच कोरडे होते ते.

बोट पुन्हा सुरू झाली. नोटीस गेली पण शेवाळ गेलं नव्हतं, त्यामुळे लोक पूर्वीसारखेच न हसता उतरत होते. भाऊजींना जे हवं होतं ते मिळालं होतं आणि त्यांना काय झालंय हे कुणाला कळत नव्हतं. ते प्रवाशांना खाली बघा म्हणायचं विसरायचे.

अशातच एका दुपारी खिडकीत एक चेहरा आला. उन्हाने रापलेला, अनोळखी. हात वर आला तेव्हा त्यात एक काळा लाकडी तुकडा होता. दोन खाचांचा.

“हे तुमच्याकडचं का?” त्याने विचारलं. “दक्षिणेकडून प्रत्येक धक्क्यावर विचारत आलोय.”

दीपस्तंभाच्या पलीकडे जी खाडी आहे तिथला तो. पर्यटकांना बुडी मारायला नेतो. त्यांचाही एक खडक आहे. होता, असं तो आधी म्हणाला आणि मग आहे असं दुरुस्त केलं. हा तुकडा त्याला प्रवाळाच्या फांद्यांत अडकलेला सापडला होता.

“आम्ही आमच्याकडच्या हॉटेलवाल्याला धरलं होतं,” तो म्हणाला. “त्याच्याशी बोलणं बंद. माझा चुलत भाऊ आहे तो. मग हे सापडलं. आता काहीच कळेनासं झालंय.”

भाऊजी बोट लावून धक्क्यावर आले होते. त्यांनी तुकडा बघितला. खाचा अंगठ्याने चाचपल्या, जणू डोळ्यांवर विश्वास नव्हता.

काळा रंग कुणाचाच नाही. ‘नाही बुवा’ म्हटलं असतं तरी चाललं असतं, आणि तो माणूस पुढच्या धक्क्यावर गेला असता. आमच्याकडची नोटीस गेलेली, व्याह्यांशी नुकतं जुळलेलं, लेक पुन्हा खाली बैठकीच्या खोलीतून फोन करायला लागलेली. हे सगळं मी उभ्या उभ्या मांडून बघितलं आणि तिकिटं मोजायला लागलो. भाऊजींनीही मांडलं असणार. त्यांना वेळ लागला.

“आमच्याकडचं,” ते म्हणाले. “माझ्या व्याह्यांचं.” मग थोडं थांबून, “जेवलात का?”

त्या माणसाला हे अपेक्षित नव्हतं. तो भांडायला आला होता की विचारायला, हे त्याचं त्यालाही ठरवता आलं नव्हतं बहुतेक. ताईने पान वाढलं. व्याह्यांना बोलावणं गेलं. ते ओल्या हातांनी तसेच आले. भाऊजींनी तुकडा त्यांच्यापुढे ठेवला, पण या वेळी ओळीने मांडून नाही, नुसता.

“तुमचं पाणी,” ते म्हणाले. “यांच्या खडकावर सापडलं.”

व्याह्यांनी तो उचलला. ‘तसं बघितलं तर’ येईल म्हणून आम्ही सगळे थांबलो. ते आलं नाही.

“हो,” ते म्हणाले. “माझंच असणार.”

ताईने ताक वाढलं. तो माणूस म्हणाला, मला वाटलं होतं तुम्ही हाकलाल. भाऊजी म्हणाले, मलाही तसंच वाटलं होतं. टाकीत पाणी मुरवून, गाळून सोडायचं, साबण बदलायचा, असं व्याही काहीतरी पुटपुटत होते, मॅडमना विचारू म्हणत होते. मध्येच त्यांनी विचारलं, “पण नदीचं तुमच्याकडे येतच राहणार ना?”

भाऊजींनी मान हलवली. त्यांना कुठे बसायचं तेच सुचत नव्हतं. एकाच टेबलावर ते फिर्यादीचे साक्षीदार होते, आरोपीचे सोयरे होते आणि स्वतः वेगळ्याच प्रकरणातले फिर्यादी होते. उठले, पाणी प्यायले, परत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खिडकीशी आले. खांद्याला पिशवी, पिशवीत चार खाचांचे तुकडे. मागे व्याही, इस्त्रीच्या शर्टात.

“बोट?” मी विचारलं.

“बांधलीय. आम्ही बसने उत्तरेला जाऊन येतो.”

“नदीवर? कुणाकडे?”

“माहीत नाही.”

“मग विचारणार कुणाला?”

“धक्क्यावर खिडकी असेल की.”

“तिथे धक्का नाही, भाऊजी. नदी आहे ती.”

ते क्षणभर घुटमळले. “मग कुठेतरी कुणीतरी बसलेला असेल. त्याला विचारू, हे तुमच्याकडचं का म्हणून. तो माणूस आला नाही का आपल्याकडे, प्रत्येक धक्क्यावर विचारत?”

“आणि नाही म्हणाला तर?”

“तर त्याच्या शेजाऱ्याला,” भाऊजी म्हणाले, पण तितकं जोरात नाही.

“व्याही, तुम्ही कशाला?”

“तसं बघितलं तर,” व्याही म्हणाले, “यांना एकट्याला पाठवलं तर हे भांडून येतील.”

दोघं बसथांब्याकडे गेले. वाटेत दोघांनी पिशवीचा एकेक बंद धरला होता, आणि पिशवी जड मुळीच नव्हती.

थोड्या वेळाने खिडकीत एक जोडपं आलं. “आज बोट आहे का?”

“बोट आहे,” मी म्हटलं. “मालक नाहीत.”

“का? कुठे गेलेत?”

कसं सांगायचं ते मला सुचेना. तक्रार करायला गेलेत म्हणावं तर तसं नव्हतं, आणि समजूत काढायला म्हणावं तर कुणाची.

“कुणाचं तरी काहीतरी सापडलंय,” मी म्हटलं. “ते परत करायला गेलेत.”